पाच ठिपके

मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहायला गेलेल्या निवृत्त माणसाला दोन कामं असतात. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचं आणि डिशवॉशरमध्ये ताटली चुकीच्या खणात ठेवून बोलणी खायची. आमची मुलगी टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला असते. तिसऱ्या आठवड्यापासून माझी ही दोन्ही कामं सकाळी साडेआठलाच आटपायला लागली, म्हणून मी पायी हिंडायला लागलो. त्या गावात पायी हिंडणाऱ्या माणसाकडे लोक गाडी हळू करून बघतात. याची गाडी तरी बंद पडली असावी किंवा डोकं तरी, असा त्यांचा समज होतो.

शनिवारी तिकडे लोक घरातली अडगळ अंगणात मांडून विकायला बसतात. आपल्याकडे अडगळ माळ्यावर टाकतात आणि माळा भरला की पुढच्या पिढीच्या नावावर करतात. अशाच एका अंगणात एक गंजकी इस्त्री आणि तीन बाहुल्या यांच्या मधे बुटांचं खोकं होतं, आणि खोक्यात घडीचे जुने नकाशे उभे लावलेले होते. डॉलरला एक. मी एक उचलला. वर उघड्या मोटारीत बसलेलं हसतमुख जोडपं, मागे धूर सोडणारा ज्वालामुखी आणि पुढे एक लामा. लामा म्हणजे तिबेटातला नव्हे. दक्षिण अमेरिकेतला, उंटासारख्या मानेचा. तोही हसत होता. मोठ्या अक्षरांत मजकूर होता की अलास्का ते अर्जेंटिना, मोटारीने.

"अहो, हे काय आणलंत?" घरी आल्यावर हिने विचारलं.

"नकाशा."

"कुठला?"

"अमेरिकेचा."

"मग आपण इथेच आहोत की! नकाशा कशाला?"

हिच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं नाहीये.

आता माझी बाजू सांगतो. मी चौतीस वर्षं एका सरकारी खात्यात ट्रेसर होतो. खात्याचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे. ट्रेसर म्हणजे साहेबांनी पेन्सिलीने मारलेली रेघ शाईने गिरवणारा माणूस. डांबरी रस्त्याला जाड रेघ, खडीच्या रस्त्याला दुहेरी बारीक, गाडीवाटेला तुटक, आणि 'प्रस्तावित' रस्त्याला ठिपके. ठिपके काढणं सोपं वाटतं. तसं नाही. पेन सरळ उभं धरावं लागतं, नाहीतर ठिपक्याला शेपूट फुटतं, आणि शेपूटवाला प्रस्ताव आमचे साहेब पुढे पाठवत नसत. मी नोकरीत डांबराच्या रेघा कमी आणि ठिपके जास्त काढले. निवृत्तीच्या दिवशी नारळ हातात घेऊन मी हिशेब केला, तर माझ्या हातच्या ठिपक्यांपैकी फार थोड्यांची पुढे रेघ झाली होती. एका ठिपक्यांच्या रस्त्यावर तर मधल्या काळात धरण झालं. त्यामुळे नकाशा हातात आला की माझी नजर आधी ठिपके शोधते. सोनाराला बारशाला नेलं तर तो बाळ बघतो का?

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. टेबल आठ माणसांचं. तरी दक्षिण अमेरिका खाली लोंबत राहिली. वर अलास्का, खाली पार टोकाला तिएरा देल फ्वेगो, आणि मधून एक लालभडक रेघ, देवीच्या मळवटासारखी, सरळ आणि निःशंक. नकाशावर साल नव्हतं. जाहिरातीच्या कागदावर साल घालत नाहीत, शिळा होतो. पण धंद्यातल्या माणसाला ते काढता येतं. अलास्काचा महामार्ग दाखवला होता, म्हणजे नकाशा १९४२ नंतरचा. पनामा कालव्यावर पूल नव्हता, फेरीबोटीची खूण होती, म्हणजे १९६२ च्या आधीचा. कारण तिथला मोठा पूल, ज्याला 'अमेरिकांचा पूल' म्हणतात, तो १९६२ च्या ऑक्टोबरात उघडला. ही गोष्ट मी जावयांना मोठ्या उत्साहाने सांगितली. "वा, बाबा!" ते म्हणाले आणि फोनकडे बघत राहिले. जावई फार चांगले आहेत.

या रस्त्याचं नाव पॅन-अमेरिकन महामार्ग. त्याची कुळकथा अशी की आधी कोणाच्याच डोक्यात रस्ता नव्हता, रेल्वे होती. १८८९-९० साली वॉशिंग्टनला दोन्ही अमेरिकांमधल्या देशांची परिषद भरली, तिच्यात न्यूयॉर्कपासून खाली अर्जेंटिनापर्यंत आगगाडी न्यायची टूम निघाली. मोजण्या झाल्या, जाडजूड अहवाल छापले गेले. अहवाल झाले, रूळ सलग कधी झाले नाहीत. तेवढ्यात मोटार आली. १९२३ साली चिलीत सांतियागोच्या परिषदेत रस्त्याचा विषय निघाला आणि १९२५ मध्ये ब्वेनोस आयरेसला खास रस्त्यांचीच पहिली परिषद भरली. मधल्या १९२४ साली आणखी एक मौज झाली. लॅटिन देशांतल्या इंजिनियर मंडळींना अमेरिकेने घरी बोलावलं आणि राज्याराज्यांतून फिरवून आपले रस्ते दाखवले. हा अगदी दाखवण्याचा कार्यक्रम होता. 'आमचा रस्ता नाकीडोळी नीटस आहे, गुळगुळीत आहे, चढउतार शिकलेला आहे.' पुढाकार मोटारवाल्यांचा होता. साहजिकच होतं. ज्याच्याकडे मोटारी तयार आहेत त्याला रस्त्याची तळमळ असणारच. आमच्या गावात वाजंत्रीवाल्याला लग्नं जुळवायची भारी हौस होती.

आणि नकाशे? ते पेट्रोल कंपन्या फुकट वाटायच्या. पिट्सबर्गला १९१३ साली गल्फ कंपनीने पंप उघडला आणि गिऱ्हाइकांना फुकट नकाशे द्यायला सुरुवात केली, तिचं बघून बाकीच्यांनीही. पेट्रोल विकायचं तर माणूस घराबाहेर पडला पाहिजे आणि बाहेर पडायला त्याला वाटलं पाहिजे की जग जवळ आहे. नकाशा छापून देणाऱ्या तीन बड्या कंपन्या होत्या. त्यांतल्या एकीचं नाव जनरल ड्राफ्टिंग. हे नाव वाचून माझा ऊर भरून आला. आमच्या ड्रॉइंग शाखेत आम्ही सात जण, एक पंखा आणि एक अमोनिया प्रिंटचं मशीन होतं. ते चालू केलं की आमच्याबरोबर साहेबांचेही डोळे भरून येत. त्याच धंद्यावर तिकडे माणसांनी कंपनी काढली आणि कोट्यवधी नकाशे लोकांच्या मोटारीत पोचवले! पुढे १९७० च्या दशकात तेल महागलं आणि फुकटचा नकाशा बंद झाला. आता तो खोक्यात डॉलरला मिळतो.

भिंग आणलं. (नातवाचं, मुंग्या बघायचं.) नकाशाच्या कोपऱ्यात खुणांची सूची होती. सलग रेघ म्हणजे पक्का रस्ता. जराशी तुटलेली म्हणजे बारमाही. जास्त तुटलेली म्हणजे फक्त कोरड्या हवेत चालणारा, ज्याला आमच्याकडे हंगामी रस्ता म्हणत. आणि ठिपके म्हणजे नियोजित. पण गंमत बघा, रंग सगळ्यांना तोच लाल आणि तुटलेपणा इतका बारीक की दोन हात लांबून सगळंच सलग. या कारागिरीला मी बसल्या जागी नमस्कार केला. प्रामाणिकपणाही राखला आणि पेट्रोलही खपवलं. सरकारी नकाशा चष्मा लावून बघायचा असतो, जाहिरातीचा चष्मा काढून.

वरून खाली येऊ लागलो. अलास्काचा तुकडा बघून मात्र मी गप्प झालो. पर्ल हार्बरवर बाँब पडल्यावर अलास्काला जमिनीवरून रस्ता हवाच, असं अमेरिकन सैन्याला वाटलं आणि १९४२ साली कॅनडाच्या रानातून, दलदलीतून, डासांतून सुमारे २,७०० किलोमीटरची वाट त्यांनी आठेक महिन्यांत काढली. दहा हजारांवर सैनिक राबले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या पलटणी मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांच्या कामाची कदर व्हायला पुढे फार वर्षं गेली. आठ महिने! आमच्या खात्यात आठ महिन्यांत फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची, आणि टेबलं शेजारी होती.

खाली अमेरिकेत आलो तर पॅन-अमेरिकन रस्ता नेमका कुठला, हेच कळेना. कारण त्यांनी कोणता एक रस्ता ठरवलाच नाही. १९६६ साली सरकारने जाहीर करून टाकलं की देशातले सगळे इंटरस्टेट हमरस्ते हे पॅन-अमेरिकन महामार्गच समजावेत. असा सोपा निकाल आमच्या एकाही साहेबाला कधी सुचला नाही. मात्र सॅन अँटोनियोतून मेक्सिकोच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या ३५ नंबरच्या हमरस्त्याला गावापुरतं 'पॅन-ॲम' असं नाव आहे. म्हणजे दर शनिवारी आम्ही मेक्सिकन दुकानात भाजीला जात होतो ते ज्या रस्त्याने, तो पुढे थेट दक्षिण ध्रुवाच्या शेजारपर्यंत जात होता!

मी हे हिला सांगितलं. ती कोथिंबिरीची जुडी नाकाला लावत होती. "कुठे का जाईना," ती म्हणाली, "इथली कोथिंबीर दादरपेक्षा स्वस्त आहे." त्या दुकानात चिंच मिळते, हिरव्या मिरच्या मिळतात आणि काटे काढलेल्या निवडुंगाची भाजीही मिळते. निवडुंग खाणाऱ्या लोकांबद्दल हिला एकदम आदर वाटायला लागला. माझ्या लाल रेघेबद्दल मात्र तिचं मत तेच राहिलं.

सरहद्दीवर लारेडो. तिथून पलीकडच्या नुएवो लारेडोपासून पनामा शहरापर्यंतच्या साडेपाच हजार किलोमीटरांच्या भागाला इंटर-अमेरिकन महामार्ग म्हणतात. मेक्सिको शहरापर्यंतचा पहिला टप्पा १९३६ साली खुला झाला आणि अमेरिकन लोक मोटारी घेऊन नुसते लोटले. वाटेत तामासुन्चाले नावाचं गाव लागतं. ते गोऱ्या तोंडात बसेना. तेव्हा या लोकांनी त्याचं 'थॉमस अँड चार्ली' करून टाकलं. एका गावाची दोन माणसं झाली! आपण तरी काय बोलणार? आपल्या खडकीची यांच्या भाऊबंदांनी किर्की केली आणि शिवेचं सायन, ते आपणही निमूटपणे तिकिटावर वाचत आलो. पण थॉमस आणि चार्लीची सर कशाला नाही. मी दोन दिवस ते गाव माझ्या नकाशावर बोटाने दाबून बघत होतो, आतून दोघांपैकी कोणी 'काय?' म्हणतो का.

पुढे ग्वाटेमाला, होंडुरास, निकाराग्वा. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिकेने मध्य अमेरिकेतल्या या रस्त्यासाठी दोन कोटी डॉलर मंजूर केले. दोन वाटे आमचे, एक वाटा तुमचा, अशी बोली होती. मग कोस्टारिकात रेघ एका डोंगरावर चढते. त्या डोंगराचं नाव सेर्रो दे ला म्वेर्ते, म्हणजे मृत्यूचा डोंगर. रस्ता होण्याआधी हा डोंगर पायी ओलांडताना माणसं थंडीने मरत, म्हणून हे नाव. उंची तीन हजार तीनशे मीटरांहून जास्त. मध्य अमेरिकेतल्या या रस्त्याची सगळ्यात उंच जागा. आता तुम्ही पेट्रोल कंपनीचे नोकर आहात आणि तुम्हाला हसतमुख जोडप्याला या नावाच्या डोंगरावरून न्यायचंय. काय कराल? माझ्या नकाशावाल्याने नुसता त्रिकोण काढून उंचीचा आकडा घातला होता आणि नाव गाळलं होतं. आमच्या शाखेत तो हेड ट्रेसर झाला असता.

इथून पनामा. कालवा, फेरीबोट, पनामा शहर. शहराच्या पूर्वेला लाल रेघ थोडी पुढे जाते, बारीक होते, तुटते आणि भिंगाखाली मला ते दिसले. ओळखीचे, गोल, बिनशेपटाचे. पाच ठिपके.

पाच ठिपक्यांच्या पलीकडे कोलंबिया, आणि रेघ पुन्हा जाड, जणू काही झालंच नाही.

या पाच ठिपक्यांच्या जागेचं नाव दारिएन. आज रस्ता पनामातल्या यावीसा गावात नदीकाठी संपतो आणि कोलंबियात पुन्हा सुरू होतो. मधे सुमारे शंभर किलोमीटर रान, डोंगर आणि अत्रातो नदीची भलीमोठी दलदल. इंग्रजीत या जागेला 'गॅप' म्हणतात, म्हणजे फट. स्पॅनिशमध्ये 'तापोन', म्हणजे बूच. एकाच जागेला उत्तरेकडचा माणूस म्हणतो की इथे काहीतरी कमी आहे, आणि दक्षिणेकडचा म्हणतो की इथे काहीतरी घट्ट बसवलेलं आहे. फट म्हटलं की बुजवायला माणसं धावतात. बूच म्हटलं की निदान विचार तरी करतात, काढलं तर काय सांडेल. एका शब्दावरून रस्ता अडतो असं नाही, पण चौतीस वर्षं सूची लिहिलेल्या माणसाला असं वाटतं खरं.

पण तो लाल रंग! त्याने किती जणांना वेडं केलं, ते वाचून मला माझ्या धंद्याची भीती वाटली. असले नकाशे छापायच्याही आधी, १९२८ साली, ब्राझीलचे तिघं जण रिओहून दोन फोर्ड गाड्या घेऊन न्यूयॉर्कला निघाले, या महामार्गाची वाट शोधायला. त्यांतली एक मॉडेल टी होती, जी बनवायचंच कंपनीने आदल्या वर्षी बंद केलं होतं. वाटेत कुदळ मारत, सुरुंग लावत, डोंगर फोडत ते पोचले १९३८ साली. दहा वर्षं. एवढ्यात मुलगा चौथी पास होतो.

खुद्द पाच ठिपक्यांवरून गाडी पहिल्यांदा गेली १९६० साली. एक लँड रोव्हर आणि एक जीप. लँड रोव्हरचं नाव होतं 'ला कुकाराचा कारिन्योसा', म्हणजे प्रेमळ झुरळ. हे झुरळ २ फेब्रुवारीला पनामातल्या चेपोहून निघालं आणि १७ जूनला कोलंबियातल्या किब्दोला पोचलं. १३६ दिवस. सरासरी वेग, ताशी २०१ मीटर. खरं झुरळ यापेक्षा बरंच जोरात पळतं, हे आमच्या चाळीत राहिलेल्या कोणालाही विचारा. पुढच्याच वर्षी शेव्हरोले कंपनीने जाहिरातीसाठी तीन कॉर्व्हेअर मोटारी त्या रानात घातल्या. १०९ दिवसांनी दोन कोलंबियाच्या सरहद्दीवर आल्या. तिसरी अजून तिथेच आहे. जाहिरात मात्र झाली. १९७२ साली ब्रिटिश सैन्यातली मंडळी मेजर ब्लॅशफर्ड-स्नेल यांच्याबरोबर नव्या कोऱ्या रेंज रोव्हर घेऊन गेली, त्यांना शंभरेक दिवस लागले. आणि या सगळ्यांवर कडी केली लॉरेन आणि पॅटी अप्टन यांनी. हे सगळे तराफ्यावर गाडी चढवून नद्या उतरले, ते लबाडीचं, असं ठरवून १९८५ साली त्यांनी जीप घातली ती पूर्ण जमिनीवरून काढायची म्हणून. २०१ किलोमीटर. लागले ७४१ दिवस.

मी कागद घेऊन भागाकार केला. माझ्या नकाशाच्या हिशेबाने एका ठिपक्याला १४८ दिवस. आमच्या खात्याचा वेग मी आजवर उगाच जगात सगळ्यात कमी समजत होतो.

आता कोणी म्हणेल, चंद्रावर माणूस गेला, मग शंभर किलोमीटर रस्ता का नाही झाला? तर रस्त्याला गाय आडवी आली. खरंच. दक्षिण अमेरिकेतल्या गुरांना तेव्हा लाळ्या-खुरकूत व्हायचा. पनामाच्या वर, उत्तरेकडे, तो रोग नव्हता. मधे दारिएनचं रान असल्यामुळे गुरं चालत वर येऊ शकत नाहीत, हे अमेरिकेच्या शेतीखात्याच्या ध्यानात आलं. एकीकडे १९७१ मध्ये अमेरिकेने पनामा आणि कोलंबियाशी रस्ता पुरा करायचा करार केला, दुसरीकडे लाळ्या-खुरकुताच्या भीतीने त्यांच्याच लोकांची झोप उडाली. त्यातच सिएरा क्लब नावाची निसर्गप्रेमींची संस्था कोर्टात गेली आणि १९७५ साली कोर्टाने काम थांबवलं. पनामाने १९८० मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान केलं, १९८१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून शिक्का मारला. त्या रानात गुना आणि एम्बेरा लोक पिढ्यान् पिढ्या राहतात. त्यांनी कुठल्याही परिषदेत रस्ता मागितला नव्हता. एक लाल रेघ, जिच्यामागे मोटारवाले, तेलवाले, सिमेंटवाले आणि दोन खंडांची सरकारं उभी होती, ती शेवटी गाईच्या जिभेवरच्या फोडाने अडवली. मला हे वाचून गाईबद्दल काय वाटलं ते सांगत नाही. हल्ली जपून बोलावं लागतं.

जावयांचा विश्वास बसेना. "बाबा, जुना नकाशा आहे, आत्तापर्यंत झाला असेल रस्ता," म्हणत त्यांनी फोनवर पनामा ते बोगोटा गाडीची वाट विचारली. फोनने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं की वाट सापडत नाही. सातशे पावलांवरच्या पिझ्झाच्या दुकानाला तीन वाटा सुचवणारा फोन! जावयांनी पहिल्यांदा खुर्ची ओढून घेतली आणि भिंग मागितलं.

एक गोष्ट थट्टेत बसत नाही ती सांगून पुढे जातो. नकाशा छापला तो मोटारीतून वरून खाली जाणाऱ्या हौशी माणसांसाठी. २०२३ या एका वर्षात त्याच पाच ठिपक्यांवरून पाच लाखांहून जास्त माणसं खालून वर गेली, पायी, कडेवर मुलं घेऊन, चिखलातून. त्यांत व्हेनेझुएलाचे होते, हैतीचे होते, आणि शेतं विकून 'डंकी' नावाच्या चोरट्या मार्गाने निघालेली पंजाब-हरयाणाची पोरंही होती. त्यांच्या हातात कोणी नकाशा दिला नव्हता.

ठिपक्यांच्या खाली रेघ पुन्हा मजेत चालू लागते. पेरूच्या वाळवंटातून जाताना तिने एक पराक्रम केला आहे. नाझ्काच्या माळावर प्राचीन लोकांनी जमिनीवर कोरलेली प्रचंड चित्रं आहेत, पक्षी, माकड, कोळी. त्यांत एक सरडा होता. १९३० च्या दशकात महामार्ग आखताना सरळ त्या सरड्यावरून आखला, शेपटीकडचा भाग एकीकडे आणि धड दुसरीकडे. सरडा इतका मोठा की जमिनीवरून तो सरडा आहे हे दिसत नाही, आणि आखणी करणारे जमिनीवर होते. आपल्याकडे सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हा बिचारा शतकानुशतकं कुठेही न धावता जागेवर पडून होता. आमच्या खात्यात असतं तर जागामालक म्हणून त्याला नोटीस गेली असती आणि रस्ता वाचला नसता तरी तीस वर्षं लांबला असता. सरड्यांना आमचीच पद्धत सोयीची.

मग चिली, जिथे देशच रस्त्यासारखा आहे. मग अर्जेंटिना, आणि शेवटी उश्वायाच्या जवळ लापाताइया खाडीवर एक लाकडी पाटी. तिच्यावर लिहिलंय की इथे राष्ट्रीय रस्ता क्रमांक ३ संपतो, आणि अलास्का इथून १७,८४८ किलोमीटर. प्रत्यक्षात वरपासून खालपर्यंत मोटार हाकणाऱ्यांचे जवळपास तीस हजार होतात. पाटी लिहिणाऱ्याने वाटेत कुणाच्या गावात शिरून कोथिंबीर घेतली नसावी.

हे सगळं करायला मला दोन महिने लागले. दोन महिने नकाशा रोज उलगडायचा आणि जेवायच्या वेळी घडी घालायची. आता या घडीविषयी. तो मुळात लहान मुलांच्या कागदी पंख्यासारखा दुमडून मग दोनदा मोडलेला होता, तेवढं मला नीट आठवतं. पण एकदा उघडल्यावर तो पुन्हा तसा मिटायला तयार नव्हता. मी नऊवारी लुगड्याच्या घड्या घातल्या आहेत, आईच्या आजारपणात. धोतर चुणून ठेवलं आहे. चार बाय तीन फुटांची ट्रेसिंगं घडी न पडता गुंडाळली आहेत. या कागदापुढे हात टेकले. एकदा घडी घातली तर लामा आत गेला आणि ब्राझील बाहेर राहिलं. मुलगी म्हणायची, "बाबा, तसाच ठेवा बाजूला." जावयांनी फोनवर व्हिडिओ काढून बघितले. नातवाने त्याचं विमान केलं. ते विमान मात्र फार सुरेख झालं.

आणि शेवटच्या आठवड्यात, माझ्या हातून, जिथे उभी घडी आणि आडवी घडी एकमेकींना छेदतात तिथे कागद विरला आणि भोक पडलं. भिंग लावलं. भोक नेमकं दारिएनवर होतं. पाचही ठिपके गेले होते. पनामापर्यंत लाल रेघ, कोलंबियातून लाल रेघ आणि मधे आरपार दिसणारं टेबल. इतकी वर्षं खोटं दाखवणारा नकाशा माझ्या डोळ्यांदेखत खरा झाला. मी कितीतरी वेळ बघत बसलो. चौतीस वर्षांत इतका बिनचूक नकाशा मी पाहिला नव्हता.

संध्याकाळी फिरून आलो तर ही कात्री ठेवत होती. "फाटला होता तुमचा तो," ती म्हणाली, "मागून सेलोटेप लावलीये. कडेला कडा भिडवून अशी लावलीये की कळत नाही." भिंग लावून बघितलं. खरंच कळत नव्हतं. गाय, कोर्ट, युनेस्को, कोणालाही न विचारता हिने दोन्ही अमेरिका जोडून टाकल्या होत्या, आणि कुकर दोन शिट्ट्यांवर आणून ठेवला होता.

नकाशा मी पुण्याला आणला आहे. सध्या आमच्या डायनिंग टेबलावर उघडाच आहे आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात पाटावर जेवतो. तुमच्यापैकी कोणी जुन्या पेट्रोल पंपावर काम केलेलं असेल किंवा कोणाला या घडीची मूळ पद्धत ठाऊक असेल, तर कृपा करून एकदा येऊन जावं. चहा मिळेल. फक्त येताना कुठल्या रस्त्याने येणार ते आधी कळवा; आमच्या गल्लीचं काम चालू आहे आणि मी ती दरवेळी ठिपक्यांनी दाखवतो.